आंबट शेवटी

माझ्या स्वयंपाकघरात ओट्याखाली एक मोठी काचेची बरणी आहे. रिकामी, स्वच्छ धुतलेली. तिच्या बुचातून निघालेली सलाइनची नळी शेजारच्या पाण्याच्या बाटलीत बुडवलेली आहे, ती घरी आली तेव्हा होती तशीच. दुपारी तीनच्या सुमाराला ऊन ओट्यापर्यंत पोचतं, बरणीतली हवा तापते, फुगते आणि नळीतून एक बुडबुडा बाहेर पडतो. बुड्. एवढंच. पनवेलच्या एका कॉलेजात मी गेली चोवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते, तेव्हा या आवाजाचं कारण मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. तरी तो आवाज आला की माझ्या तोंडून ‘ओ’ निघून जातं, आणि मग मी स्वतःवरच चिडते.

बरणी घरत मामांची. मामा जाऊन आता वर्ष होत आलं. दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या पुतण्याने मला बोलावून बरणी दिली आणि विचारलं, “मॅडम, आनखी काय पायजे का तुमाला?” स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांचं कॅलेंडर लटकत होतं. मी तिकडे पाहिलं आणि नको म्हटलं.

मामा म्हणजे आमच्या लॅबमधले घरत मामा. हुद्द्याने लॅब असिस्टंट, पण लॅब त्यांची होती, आम्ही प्राध्यापक तिथे येऊन-जाऊन असायचो. बुटके, काळेसावळे, अंगात कायम करड्या रंगाचा सफारी, आणि त्या सफारीच्या खिशात एक निळं बॉलपेन. पेन्सिल मात्र त्यांना डोळ्यांसमोर चालत नसे. प्रॅक्टिकलला पोरं दाराशी आली की हे पत्र्याचा एक डबा घेऊन उभे. “पेन्सली हितं टाका. रीडिंग पेनानंच लिवायचा. पेन्सलीचा रीडिंग म्हंजे ज्याला उद्या बदलायचा हाय त्याचा.” आकृती काढायला पेन्सिल लागते हे त्यांना तीन विभागप्रमुखांनी सांगून पाहिलं. त्यावर उत्तर ठरलेलं असायचं, “आकृती घरून काढून आना.” परत मागायचा धीर फार थोड्या पोरांना व्हायचा. डबा भरत राहायचा.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. साताऱ्याहून आलेली, पहिलीच नोकरी, पहिलंच प्रात्यक्षिक. पोरांसमोर टायट्रेशन करून दाखवलं, म्हणजे ब्युरेटच्या लांब काचेच्या नळीतून रंग पालटेपर्यंत थेंब थेंब द्रावण सोडलं, आणि माझं रीडिंग पुस्तकातल्या उत्तराच्या बरंच पुढे गेलं. गुलाबी रंग यायला हवा होता तिथे गडद जांभळट झाला होता. मी काहीच झालं नाही असं दाखवत फळ्यावर बरोबर उत्तराला जुळेल तो आकडा लिहिला. पोरांना पत्ता लागला नाही. मामा मागे स्टँड पुसत होते. तास संपला, पोरं गेली, मी पर्स उचलली, तर माझ्या टेबलावर धुतलेली ब्युरेट पुन्हा भरून, स्टँडला लावून तयार होती. मामा म्हणाले, “मॅडम, आपुन परत करू. यालाच काय नाय. ब्युरेटला शरम नसते, ती खराच सांगते.” यालाच काय नाय, म्हणजे हे काहीच नाही, यात कमीपणा नाही. त्या दिवशी मी चार वेळा टायट्रेशन केलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावरचा आकडा चुकीचा होता म्हणून सांगितलं. पोरं हसली. मामा हसले नाहीत.

त्यांची जीभ हा स्टाफरूममधला चमत्कार होता. लॅबमधलं काही तोंडाला लावू देणारा हा माणूस नव्हे, पण कॅन्टीनच्या ताकाचा, कोकम सरबताचा, चिंचेच्या साराचा एक थेंब जिभेवर ठेवून, डोळे मिटून पीएच सांगायचा. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप. आकडा जितका खाली, पदार्थ तितका आंबट. एकदा आम्ही पाच जणांनी पाच वाट्या मांडून त्यांची परीक्षा घेतली आणि मागाहून मीटर लावला. चार वाट्या तंतोतंत. पाचवीला फरक पडला तर मामांनी मीटर हातात घेतला, त्याचं काचेचं टोक पाहिलं आणि म्हणाले, “याला धुतला नाय कोनी.” धुऊन पुन्हा लावला. मामा बरोबर निघाले. मी तरी त्यानंतर कधी त्यांच्याशी पैज लावली नाही.

निवृत्त झाल्यावर माणसाचं काय होणार म्हणून आम्ही काळजीत होतो. मूलबाळ नव्हतं. घर पळस्प्याच्या अलीकडे, पूर्वी भातशेती होती तिथे आता चारी बाजूंनी इमारती, मध्ये यांचं दोन मजली घर; वर पुतण्याचा संसार, खाली मामा आणि मामी. निवृत्तीच्या दिवशी कॉलेजने शाल-श्रीफळ दिलं, आणि मामांनी जाताना न विचारता पेन्सिलींचा डबा उचलून नेला. मामींनी त्या पेन्सिली परसातल्या मिरचीच्या रोपांना टेकू म्हणून रोवल्या. उरलेल्यांतली एक त्यांच्या अंबाड्यात खोचलेली असायची.

दोन-तीन महिने मामा घरात बसून मामींच्या पाठी लागले. डाळीत मीठ मोजून घाल, गॅस इतका मोठा कशाला, असलं सगळं. शेवटी मामींनीच मला फोन केला. “बाय, याना तुमच्या लॅबमदी परत घेत नाय का? मना रोज परीक्षेला बसवतान.” सुटका केली ती मधाने. कर्नाळ्याकडच्या कातकरी वाडीवरून एक बाळू नावाचा माणूस मामींना वर्षानुवर्षं मध आणून द्यायचा. त्या साली मध खूप निघाला, मामींनी डबाभर घेऊन ठेवला, तो थंडीत थिजून बसला. आणि मामांना आठवलं की लॅबच्या कपाटातल्या एका जुन्या पुस्तकात मध आंबवून पेय करायची रीत दिली होती. मला पुस्तक आणून द्यायला सांगितलं. मी दिलं. त्यात कायद्याने काय बसतं काय नाही ते मला विचारू नका, मी तेव्हाही विचारलं नव्हतं.

मधाच्या दारूला मामा दारू म्हणत नसत. ‘मधपानी’ म्हणत. गावातले लोक मुद्दाम विचारायचे, मामा, आज पानी हाय का? मामांना राग यायचा, पण मोजका.

पहिली बरणी आठ दिवस छान चालली आणि गप झाली. दुसरा कुणी असता तर मध वाईट म्हणाला असता. मामांनी मीटर लावला, आकडा पाहिला आणि त्याच दुपारी माझ्याकडे आले. इतक्या उत्साहात मी त्यांना नोकरीतही पाहिलं नव्हतं. सांगू लागले, मधाच्या पाण्यात आंबट झेलायची ताकदच नसते. द्राक्षाच्या रसात क्षार असतात, ते आंबटपणाला धरून ठेवतात. मधात तसलं काही नाही. यीस्ट आपलं काम करतं, काम करता करता आंबट सोडतं, आणि त्या आंबटात स्वतःच गुदमरतं. “आपल्याच घामानं गुदमरतंय बिचारा,” मामा म्हणाले. मग त्याला मोकळं करायचं कसं? त्यांनी आधी कालवांच्या शिंपल्या भाजून, कुटून, फडक्यात बांधून बरणीत सोडल्या. काम झालं, पण दारू चुन्यासारखी लागली. मग पोटॅश. थोडंसं पोटॅशियम कार्बोनेट पाण्यात विरघळवून चमच्या-चमच्याने घालायचं, मध्ये थांबून मोजायचं. कोरडी पूड टाकायची नाही. एकदा टाकली होती, तेव्हा बरणीतून फेस उसळून छतापर्यंत गेला आणि मामींच्या गॅसवरच्या भाकरीवर पडला. मामींनी ती भाकरी ताटलीत घालून मामांपुढे ठेवली. त्यांनी ती खाल्ली.

सहा-सात वर्षांत मामा पुरते तयार झाले. रोज सकाळी पीएच आणि मिनिटाला किती बुडबुडे, दोन्ही आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये त्या तारखेच्या चौकटीत निळ्या पेनाने. आणि एक नियम, जो मला त्यांच्या घरी दर खेपेला ऐकावा लागे: आंबट शेवटी. चवीला आंबट हवंच, नाहीतर मधपाणी मिळमिळीत लागतं. पण ते सगळं आंबून, निवळून झाल्यावर. आधी घातलं तर यीस्ट उभंच राहत नाही.

मामींना हे पटायचं नाही. आगरी घरातली बाई, कोकम पहिल्यांदा. मासळी भांड्यात पडायच्या आधी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, भांड्यात पडलेला. “उशिरा घातलेला आंबट वरवर रातं. आत जात नाय,” त्या म्हणायच्या. मासळीच्या बाबतीत त्यांचं खरं होतं, हे त्यांचं कालवण खाल्लेला कुणीही सांगेल. मी दर बुधवारी, प्रॅक्टिकल नसलं की दुपारी तिकडे जायचे, आणि या दोघांचा हा वाद जेवणात तोंडी लावायला असायचा. मामी मला डोळा घालायच्या. मामा गंभीरपणे रसायनशास्त्र सांगायचे. बाजूला बरणी बुड्‌ बुड्‌ करत असायची, आणि मामी मध्येच तिला म्हणायच्या, “आले गं, थांब.” घरात तिसरं कुणी हाक मारतंय अशा थाटात.

गेल्याच्या गेल्या वर्षी, दिवाळी संपून चार दिवस झाले असतील, मामांनी मोठी बरणी लावली. हीच, माझ्या ओट्याखालची. मध-पाणी-यीस्ट सगळं घालून ते पेन्शनच्या कामाला तालुक्याला गेले. परत आले तर बरणीचा रंग गुलाबी. मामींनी वाटीभर आगळ ओतलं होतं. गंमत म्हणून नव्हे, चेष्टा म्हणून तर नव्हेच. सहा वर्षं त्यांनी ते पेय तोंडाला लावलं नव्हतं. या खेपेला त्यांना आपल्या चवीचं हवं होतं, स्वतः प्यायचं होतं. हे मामांना त्यांनी नंतर सांगितलं. पण नंतर म्हणजे मामा ओरडून झाल्यावर.

मामा काय ओरडले ते मला मामांनीच सांगितलं. “बरनी मारलीस तू.” एवढंच. मग तीन दिवस अबोला. मामा बरणी पाहायचे, पहिल्या दिवशी थोडे बुडबुडे, दुसऱ्या दिवशी एखादा, तिसऱ्या दिवशी काही नाही. मीटर दोन पूर्णांक आठ. ते कॅलेंडरात लिहायचे आणि मामींकडे न पाहता बाहेर पडायचे. चौथ्या दिवशी सकाळी मामी परसात मिरच्या काढायला गेल्या आणि तिथेच बसल्या. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. अंबाड्यात पेन्सिल तशीच होती.

मी गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. मामा स्वयंपाकघरात बरणीपाशी पाटावर बसले होते. मला पाहून म्हणाले, “मॅडम, झीरो.” मला आधी कळलं नाही. मग त्यांनी नळीकडे बोट दाखवलं.

तेराव्यानंतर मी पुन्हा बुधवारी जायला लागले. खरं सांगते, मला जायला भीती वाटायची. मामींचं लुगडं दोरीवर तसंच वाळत होतं, ते तीन महिने कुणी काढलं नाही. मामा दोन कप चहा करायचे, मी गेले की तीन. तिसरा कप बरणीजवळ जायचा आणि निवून जायचा. बोलता बोलता मामा थांबायचे, एक बोट वर करायचे, कान बरणीकडे. मीही ऐकायला लागायचे. काही नसायचं. मग ते बोट हळूच खाली यायचं. कॅलेंडरच्या प्रत्येक चौकटीत निळ्या शाईचं एकेक शून्य, एकाखाली एक, सगळा महिना. पुढचं पान उलटलं तरी तेच.

मी सुरुवातीला वाट पाहिली. मग एकदा न राहवून म्हणाले, “मामा, हे तुम्हाला मी सांगायचं का? दोन पूर्णांक आठला यीस्ट झोपतं. मरतंच असं नाही. थोडं पोटॅश घाला, तीन-साडेतीनला आणा. जिवंत असेल तर उठेल.”

मामांनी नळीचं टोक पाण्यात नीट बुडवलं. मग म्हणाले, “आनि नाय उठला तं?”

“तर कळेल तरी.”

“तेच नको हाय मना, मॅडम.” आणि मग त्यांनी ते ओरडणं, तो अबोला, सगळं सांगितलं. “माजा शेवटचा शब्द तिला हाच. बरनी मारलीस. आता पोटॅश घातला आनि बरनी उठली नाय, तं मी बोललो ता खरा ठरला. ती तसलंच ऐकून गेली. नाय घातला तं निदान ठरला नाय काय.”

तीस वर्षं पोरांच्या हातून शेवटच्या थेंबापर्यंत टायट्रेशन करवून घेणारा माणूस आता शेवटच्या थेंबाला घाबरत होता. आपण होऊन बरणी बोलली तर बोलेल, असं म्हणून तो रोज सकाळी पाटावर बसत होता. मला त्यांचा राग आला. रडूही आलं. हा माणूस खंगत चालला होता, सफारी हँगरवर टांगल्यासारखा दिसायला लागला होता. मी घरी आले आणि ठरवलं.

फेब्रुवारीतला बुधवार होता. मी लॅबमधून पोटॅशियम कार्बोनेट आणलं, घरी मोजून पाण्यात विरघळवलं आणि औषधाच्या छोट्या बाटलीत भरून पर्समध्ये ठेवलं. मनात हिशोब साधा होता. उठलं तर मामांना वाटेल, मामींची बरणी आपण होऊन उठली. नाही उठलं तर कुणाला काही कळणार नाही, मलाच काय ते. मामा म्हणाले, “बसा, दूध नाय, आनतो,” आणि चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. मी बूच काढलं. आगळाचा वास आला आणि त्यामागून मधाचा. मला एकदम मामी पाठीशी उभ्या आहेत असं वाटलं, इतकं की मी मागे वळून पाहिलं. दोरीवरच्या लुगड्याची सावली होती. मी बाटली ओतली. फेस बरणीच्या गळ्यापर्यंत चढला आणि मग हळूहळू बसला. बूच लावलं. बरणीचं तोंड पुसलं. मामा दूध घेऊन आले तेव्हा मी खिडकीतून मिरच्या पाहत होते.

गुरुवारी सकाळी साडेसहाला मामांचा फोन. पलीकडून कुणी बोलेना. मग आवाज आला. बुड्. थोड्या वेळाने, बुड्. त्यांनी फोन नळीजवळ धरला होता. मी तशीच अंथरुणावर बसून ते ऐकत राहिले. शेवटी मामा म्हणाले, “ऐकताव ना मॅडम? बोलते. जिती हाय.” आणि तो इतका कोरडा माणूस फोनवर हुंदके देऊन रडला.

तिथून पुढे मामा माणसांत आले. दाढी करू लागले. बुडबुडा आला की “आलो, आलो” म्हणायचे, अगदी मामींच्या सुरात, आणि ते ऐकून वरची सून मुलाला घेऊन खाली यायला कचरायची. दोरीवरचं लुगडं त्यांनी स्वतः घडी करून ठेवलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण दर बुधवारी त्या घरात शिरताना मला चोरासारखं वाटायचं. मामा बरणीशी बोलत असायचे आणि मला वाटायचं, ते ज्याच्याशी बोलताहेत ते मी औषधाच्या बाटलीतून आणलेलं आहे. घरी भांडी घासताना, वर्गात फळ्याकडे पाठ असताना मला तो आवाज यायला लागला. डोळ्याला डोळा लागेना म्हणतात तसं झालं.

श्रावणात मधपाणी निवळलं. मामांनी मला बोलावलं. छत्री दाराशी ठेवून मी आत गेले तर तीन पेले मांडलेले, एक मामींच्या फोटोपुढे. रंग सुरेख, फिकट गुलाबी. मामांनी एक थेंब जिभेवर ठेवला, डोळे मिटले. जी जीभ न धुतलेला मीटर पकडते, तिला पोटॅश कळणार नाही?

“तीन पूर्णांक चार,” मामा म्हणाले. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. “चांगला झालाय. तिच्या हाताचाच हाय.”

माझ्याने राहवलं नाही. पेला खाली ठेवून मी सगळं सांगून टाकलं. बुधवार, दूध, बाटली, फेस. बोलताना माझ्या लक्षात येत होतं की मी त्यांच्याकडून त्यांची बायको दुसऱ्यांदा काढून घेतेय. पण आता थांबता येत नव्हतं.

मामांनी ऐकून घेतलं. चेहरा हलला नाही. म्हणाले, “ठाव हाय मना. बरनीच्या गल्याला पांढरा राहिलता.”

“मग तुम्ही…”

“मोजून घातलाव ना?”

“मोजूनच घातलं, मामा.”

“मंग झाला.” त्यांनी मामींच्या पेल्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पुढे वाकले. “पन एक सांगतो. तुमी आलाव बुधवारी. बरनी मंगलवारी सांजेलाच बोलली व्हती. दोनदा. मी तुमाला सांगनारच व्हतो, पयला च्या करू म्हटला. दूध घेऊन येतो तवर तुमचा झालता. तुमचा पोटॅश उगाच गेला, मॅडम. ती आपली आपनच उठली.”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. “खरं सांगता?”

“नोंद हाय,” मामा म्हणाले आणि कॅलेंडरकडे हात केला.

उठून पाहायचं माझ्या मनातही आलं नाही. या माणसाच्या नोंदीवर शंका घेणं म्हणजे ब्युरेटवर शंका घेणं. छातीवरचा दगड उतरला, आणि तो उतरतो न उतरतो तोच अंगावर काटा आला. म्हणजे मी बूच काढलं तेव्हा फेस उसळला तो नुसत्या पोटॅशने नव्हे. आत आधीच कुणीतरी जागं होतं. मी नळीकडे त्या दिवशी किती वेळ पाहिलं होतं? अर्धं मिनिट? मी पेला उचलला आणि मधपाणी प्यायले. आधी आंबट लागलं, मग मध, मग पुन्हा आंबट. मामींचं खरं होतं, ते आत गेलं होतं. मी मामांना नमस्कार केला, त्यांनी “अवो मॅडम” म्हणून पाय मागे घेतले, आणि मी निघाले.

गल्लीच्या टोकाला गेल्यावर पाऊस लागला तेव्हा छत्रीची आठवण झाली. परत आले. दार नुसतं लोटलेलं होतं, स्वयंपाकघराची खिडकी उघडी. हाक मारणार तेवढ्यात मामा दिसले. भिंतीपाशी पाटावर उभे होते. चष्मा कपाळावर, नाक कॅलेंडरला जवळजवळ चिकटलेलं. श्रावणाचं पान त्यांनी वर उलटलं होतं, त्याच्याखालची आणखी काही, आणि डाव्या हाताने तो सगळा गठ्ठा धरून उजव्या हाताने मागच्या कुठल्याशा महिन्याच्या चौकटीत सावकाश काहीतरी लिहीत होते. लिहून झाल्यावर फोटोकडे वळून पाहिलं. मग पुन्हा कॅलेंडरकडे.

मी छत्री न घेता भिजत परतले. त्यानंतर मामा मला भेटले नाहीत असं नाही, पण माझ्यापुरते ते तिथेच, त्या पाटावर उभे आहेत. सफारीच्या खिशात निळं पेन होतं, मला ते खिडकीतून स्वच्छ दिसत होतं. त्यांच्या हातात पेन्सिल होती.